रिदम गेम (मोबाइलवरचा, कार्टूनवाला)

रिदम गेम म्हणजे गाणं चालू असताना त्याच्या ठेक्यावर स्क्रीनला बोट लावायचं, बास, खेळ एवढाच. बंदूक नाही, नकाशा नाही, गोष्ट असली तरी नावाला. बोट वेळेवर लागलं की पूर्ण पॉइंट, थोडं लवकर किंवा उशिरा लागलं की कमी, आणि लागलंच नाही तर कॉम्बो, म्हणजे सलग बरोबर लागलेल्या टकटकींची साखळी, तुटला. या नोंदीत त्यातल्या हलक्याफुलक्या प्रकाराबद्दलच लिहिलंय, म्हणजे दोन-तीन मिनिटांचं गाणं, एक किंवा दोन अंगठे, फुकट डाउनलोड, मधेमधे जाहिराती आणि समोर कुठलंतरी चक्रम पात्र. पुण्यात हे खेळणारे पीएमपीच्या बसमध्ये, मेट्रोत आणि क्लास सुरू व्हायच्या आधी जिन्यात बसलेले सापडतात, कानात इअरफोन, मान हलतेय, आणि शेजारच्या काकांना फक्त काचेवरची टकटक ऐकू येतेय.

सुरुवात मोबाइलवर झाली नाही. 1996 च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनवर 'पाराप्पा द रॅपर' आला, मासाया मात्सुउरा यांच्या नानाऑन-शा कंपनीचा. पात्रं काढली रॉडनी ग्रीनब्लॅट या अमेरिकन चित्रकारानं, आणि ती कागदातून कापून काढल्यासारखी चपटी आहेत, हिरो म्हणजे टोपीवाला कुत्रा आणि त्याचा पहिला गुरू म्हणजे कांद्याच्या डोक्याचा कराटे मास्तर. मास्तर एक ओळ म्हणणार, कुत्र्यानं तीच ओळ बटणं दाबून परत म्हणायची. आपल्याकडे तबल्याच्या क्लासात गुरुजी बोल म्हणतात आणि शिष्य तो वाजवून दाखवतो, त्याच जातीचं हे काम. पुढच्या दोन वर्षांत कोनामीनं डीजेचं 'बीटमेनिया' (1997) आणि पायानं नाचायचं 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' (1998) काढलं, 2001 ला नामकोचा 'ताइको नो तात्सुजिन' आला ज्यात चक्क डोळे-तोंड असलेले ढोल आहेत. पण आजच्या मोबाइल गेमचा खरा आजोबा माझ्या मते 2006 चा 'रिदम तेंगोकू', निन्टेंडोचा, छोट्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा. त्यात एका ठिकाणी ठेक्यावर चिमट्यानं कांद्याच्या चेहऱ्यावरचे केस उपटायचे असतात. एवढंच! आणि ते तुफान चालतं.

फोनवर हे यायला टचस्क्रीन लागली. 2008 मध्ये आयफोनचं अ‍ॅप स्टोअर उघडलं आणि त्याच वर्षी 'टॅप टॅप रिव्हेंज' लोकांनी धडाधड उतरवून घेतला. 2014 ला 'पियानो टाइल्स' आला, काळ्या पट्ट्यांवर बोट मारत सुटायचं, आणि तेव्हापासून हा प्रकार गेमर नसलेल्या लोकांपर्यंत पोचला, म्हणजे आई, मावशी, ऑफिसातला डबा खाता खाता खेळणारा माणूस. व्हिएतनामची अमानोट्स ही कंपनी तर मुख्यतः याच धंद्यात आहे, तिचा 'ड्युएट कॅट्स' बघा: दोन मांजरं, दोन अंगठे, वरून खाऊ पडतोय, मांजर सरकवून तोंडाखाली आणायचं, खाऊ तोंडात पडला की मांजर गाण्यातला पुढचा सूर म्याव करून लावतं. डावा आणि उजवा अंगठा वेगवेगळ्या दिशेला चालले की पहिल्यांदा डोकं गरगरतं, मग जमतं.

आता ही कार्टूनं नुसती लहान मुलांना खूश करायला असतात असं बरेच जण समजतात, ते बरोबर नाही. ठेक्यावर बोट मारण्यावर भरपूर प्रयोग झालेत आणि त्यातून दिसलेलं असं की माणूस कानानं ठेका चांगला धरतो, डोळ्यानं वाईट. दिवा नुसता चालूबंद होत असेल तर त्याच्याबरोबर बोट मारताना आपण चुकत राहतो, पण त्याच जागी उसळणारा चेंडू ठेवला की बरंच सुधारतं, कारण चेंडू खाली येताना दिसतो आणि कधी आपटणार ते आधीच कळतं. कार्टूनवाले नेमकं हेच वापरतात. पात्र उडी मारायच्या आधी दबतं, ओरडायच्या आधी छाती फुगवतं, डोळे मोठे करतं, म्हणजे मात्रा (ठेक्यातला एकेक ठोका) यायच्या आधी तिची वर्दी मिळते. ज्याला मोजता येत नाही त्याच्यासाठी ते येडं मांजरच मात्रा मोजत असतं. म्हणून चांगल्या गेममध्ये आवाज बंद केला तरी थोडंफार खेळता येतं, आणि वाईट गेममध्ये पात्र एका बाजूला आपलं नाचत राहतं, गाण्याशी संबंध शून्य, तिथं ती खरंच नुसती सजावट.

आणखी एक गंमत त्या प्रयोगांतली, टिकटिकीबरोबर बोट मारायला सांगितलं की बहुतेक माणसं टिकटिकीच्या किंचित आधीच मारतात, साधारण वीस ते ऐंशी मिलीसेकंद, आणि त्यांना स्वतःला ते कळत नाही. संगीत शिकलेल्यांत हे कमी होतं. हलक्याफुलक्या गेममध्ये म्हणून 'परफेक्ट'ची खिडकी बऱ्यापैकी सैल ठेवलेली असते.

इथं पुणेकराचा मुख्य शत्रू ब्लूटूथ. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत दोन मात्रांमध्ये अर्धा सेकंद असतो, म्हणजे 500 मिलीसेकंद, आणि साधे ब्लूटूथ इअरफोन आवाज 200 मिलीसेकंद वगैरे सहज उशिरा पोचवतात. म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा गेली! सिनेमा बघताना हे लक्षात येत नाही कारण प्लेअर चित्र तेवढंच मागे ठेवतो, पण गेममध्ये तुमचं बोट मागे ठेवायची सोय नाही. यावर गेममध्ये कॅलिब्रेशन नावाचं सेटिंग असतं, एक ठिपका टिकटिक करतो, त्याच्याबरोबर आठ-दहा वेळा बोट मारायचं, मग गेम तुमचा फरक मोजून तेवढं सरकवून घेतो. आणि जिथं बोट मारल्यावरच सूर वाजतो, पियानो टाइल्ससारखा, तिथं कॅलिब्रेशनचाही उपयोग नाही, सूर उशिराच येणार. त्यापेक्षा बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन वायरवाला इअरफोन घ्यावा, फोनला जुनी गोल पिन नसेल तर टाइप-सीचा घ्यावा, विषय संपला. पावसाळ्यात काचेवर थेंब पडले की स्क्रीनला ते बोट वाटतं ही वेगळी कटकट, बसच्या खिडकीशी बसून कोणी कॉम्बो सांभाळू नये.

उशिरा पोचणाऱ्या आवाजाशी पुण्याची जुनी ओळख आहे म्हणा, ढोल-ताशा पथकांमुळे. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे लक्ष्मी रोडवर पुढचा ताशा आणि समजा 30 मीटर मागचा ढोल यांच्यात जवळपास 90 मिलीसेकंदांचा फरक, आणि कानावर विसंबून वाजवलं तर मागची रांग कायम मागेच. म्हणून गणपतीच्या आधी नदीपात्रात सराव चालतो तेव्हा नवीन पोरांना पुढच्याच्या टिपरूवर नजर ठेवायला लावतात. हात वर गेला, खाली येतोय, आपटला. हेच ते उसळणारा चेंडूवालं प्रकरण! पथकातली पोरं हे गेम खेळताना बघितली तर ती स्क्रीनवरच्या पडणाऱ्या खाऊकडे फार बघत नाहीत, ती पात्राच्या खांद्याकडे आणि मानेकडे बघतात.

पैशाचं गणित सोपं आहे. गेम फुकट, चुकलात की "जाहिरात बघा आणि पुढे चालू ठेवा", प्रत्येक गाण्यानंतर परत जाहिरात, आणि ती काही सेकंदांची जाहिरात बंद करायचं फुलीचं बटण मुंगीएवढं. सप्टेंबर 2016 नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि आपल्याकडे हे मॉडेल धावायला लागलं. गाण्यांवर मात्र हक्क असतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या चालीवर हक्क राहतो, ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून 60 वर्षं. म्हणून छोटे गेमवाले बेथोव्हेन, मोझार्ट आणि जुन्या बालगीतांवर भागवतात, किंवा हिट गाणं दुसऱ्याकडून वाजवून घेतात, त्याला चालीचे हक्क तरी घ्यावेच लागतात.

मराठी गाणी यात फार दिसत नाहीत याचं एक कारण हे, दुसरं जास्त तांत्रिक आहे. गेमसाठी गाण्याचा चार्ट बनवतात, कुठल्या मिलीसेकंदाला काय पडणार त्याची यादी, आणि बहुतेक साधनं एकच लय धरून चार-चार मात्रांची जाळी टाकतात. केरवा ताल आठ मात्रांचा, तो त्यात बसतो. रूपक सात मात्रांचा, शिवाय त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, हीच 'खाली', म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची जागा, मग पात्रानं पहिल्या मात्रेला उडी मारायची की अंग चोरायचं? भजनात लय चढत जाते, लावणीत गाणारीण ओळ लांबवते आणि ढोलकीवाला तिच्यासाठी थांबतो, जुनी रेकॉर्डिंग तर टिकटिकीशिवाय वाजवलेली. अशा गाण्याला जाळी टाकली की पहिल्या कडव्यानंतर सगळं घसरतं, प्रत्येक मात्रा कानानं ऐकून हातानं मांडावी लागते. ते करू शकणारे कान पुण्यात गल्लोगल्ली तबल्याच्या क्लासात बसलेत. गेम बनवणारेही इथं आहेत, 'मास्कगन' आणि 2024 ला आलेला 'इंडस' हे पुण्याच्याच सुपरगेमिंगचे, फक्त दोन्हीत ठेक्याऐवजी गोळ्या मारायच्या असतात.