डबक्याला वळसा

सप्टेंबरातला रविवार. पन्हाळ्याच्या पुढं, मसाई पठारावर, पाऊलवाटेत एक डबकं साचलं होतं. रुंदी फार तर चार हात. पुढच्या घोळक्यातल्या एकानंही त्यात पाय घातला नाही, सगळे डाव्या अंगानं गवतावरनं गेले. आम्हीही तेच केलं. परतताना बघतो तर डाव्या अंगालाही चिखल, आणि लोक त्याच्याही पलीकडनं चाललेले.

आइसलँडमध्ये हेच झालंय, फक्त फार मोठ्या मापात. त्या देशाची वस्ती चार लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या कोल्हापूर शहराहून कमी (२०११ च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांचं होतं). २०१० मध्ये तिथल्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपभरची विमानं थांबवली आणि देशाचं नाव घरोघरी झालं. त्या वर्षी परदेशी पाहुणे पाच लाखांच्या आत होते, २०१८ मध्ये ते २३ लाखांवर गेले. पाच माणसांच्या घरात वर्षाला तीसेक पाहुणे उतरावेत, तशी गत. राजधानी रेक्याविकमधली राहती घरं पर्यटकांकडं वळू लागली, तेव्हा २०१७ पासून धंद्याचा परवाना नसेल तर वर्षाला ९० दिवसांची मर्यादा घातली गेली. पण घरांसाठी नियम करता येतो, मॉससाठी अवघड.

मॉस म्हणजे आपण ढोबळपणे शेवाळ म्हणतो ते. तिथल्या लाव्हावर त्याची करड्या-हिरव्या रंगाची जाड गादी असते. त्याला खरी मुळं नसतात; पावसातनं, धुळीतनं मिळेल त्यावर ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. बूट पडला की गादी चेपते, दहा-वीस बुटांनी फाटते. भरून यायला कित्येक दशकं लागतात. खालची माती ज्वालामुखीच्या राखेची, चिकणमातीसारखी धरून न राहणारी. तुडवली की तिच्यातली मोठी छिद्रं आधी मिटतात, पाणी मुरायचं थांबतं आणि वरनं वाहत मातीच घेऊन जातं. थंडीत मातीतलं पाणी गोठून फुगतं, वसंतात वितळतं आणि वाटेचा नुसता राडा होतो. मग वळसा, आणि पुन्हा मॉसवर पाय. फ्याद्रार्ग्ल्यूफुर ही घळ पॉप गायक जस्टिन बीबरच्या २०१५ च्या एका व्हिडिओत दिसली, तिथं इतकी गर्दी लोटली की २०१९ मध्ये ती काही महिने बंदच ठेवावी लागली.

आता खरी गंमत. तुडवण्याचं नुकसान मोजायला शास्त्रज्ञ गवतावर पट्टे आखतात आणि त्यांवरनं मोजून चालतात: कुठं २५ वेळा, कुठं ७५, कुठं २००, कुठं ५००. पावलं दुप्पट म्हणजे नुकसान दुप्पट, असं होत नाही. बहुतेक वाटोळं सुरुवातीच्या पावलांतच होतं. पुढं उघड्या मातीवरनं आणखी हजार माणसं गेली तरी झाडोऱ्याचं बिघडण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणजे ‘गर्दी झाली ना, मग पर्यटकांना नव्या जागी पांगवा’ हा कुठल्याही बैठकीत हमखास निघणारा तोडगा नाजूक जमिनीला उलटा पडू शकतो. शंभर माणसं एका वाटेनं गेली तर एक वाट मरते, दहा वाटांनी गेली तर दहाही मरू शकतात. फळ्यांच्या वाटा आणि दोऱ्या लावतात त्या यासाठीच.

मसाईला मॉसची गादी नाही, जांभ्याचा कातळ आहे. त्याच्या खोलगट भागात बोटभर माती आणि वर पाण्याचा पातळ थर, एवढ्यावर सीतेची आसवं फुलतात. निळीजांभळी, नखाएवढी. मातीत सत्त्व नाही म्हणून ही वनस्पती बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते. तिथनं गाडीचं एक चाक गेलं की चाकोरीचा पाट होतो आणि तो पातळ थर वाहून जातो. फुलांचा फोटो काढायला गाडी थेट फुलांपर्यंत नेणाऱ्यांना काय म्हणावं!

जुलैत पन्हाळा-पावनखिंडीच्या मोहिमा ऐन पावसात याच पठारावरनं जातात. जुनी वाट मळलेली आहे, चिखलाची आहे. पुढच्या खेपेला मी डबक्यातनं सरळ गेलो. बूट घोट्यापर्यंत भरले. मागचा मित्र नवे पांढरे बूट घालून आला होता. तो थांबला, डावीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“भावा, खोल हाय काय रं?”