गावाच्या आपत्ती आराखड्यात दिव्यांग, वृद्ध आणि आजारी माणसांची नोंद: पात्रता, कागदपत्रं, अर्जाची पद्धत

पावसाळा तोंडावर आला की गावोगावचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे कपाटातून बाहेर निघतात. लोकसंख्येच्या रकान्याशेजारी बहुतेकदा 'दिव्यांग १४, ज्येष्ठ नागरिक ११२' असे आकडे असतात. रात्री दोन वाजता ओढ्याचं पाणी चढायला लागलं की या आकड्यांचा कोणालाही उपयोग होत नाही. हे चौदाजण कोण, कुठल्या घरात राहतात, कोणाला उचलून न्यावं लागेल, कोणाला भोंगा ऐकूच येणार नाही, हे लिहिलेलं नसेल तर ती माणसं आराखड्यात नाहीतच. म्हणून मागणी एकच ठेवायची: आमच्या घरातल्या माणसाची आराखड्यात स्वतंत्र ओळ हवी. खालची माहिती महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती समोर ठेवून दिली आहे. शहरातला फरक शेवटाकडे आहे.

आधार कुठला

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ८ पाठ असू द्या. त्यातलं उपकलम ३ सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था करायची. हे काम कायद्याने प्राधिकरणावर टाकलेलं आहे, कुटुंबावर नाही. तुमचा अर्ज ही त्या कामाची लेखी आठवण असते. त्यामुळे 'वरून नमुना आलेला नाही' या उत्तरावर परत फिरायचं कारण नाही. साध्या कागदावरचा अर्ज पुरतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २५ खाली हे प्राधिकरण स्थापन होतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. कलम ३१ प्रमाणे जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१९ मध्ये दिव्यांगांचा विचार करून जोखीम कशी कमी करायची याची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. २००५ च्या मूळ कायद्याचं कलम ६१ मदतवाटपात लिंग, जात, समाज, वंश आणि धर्म यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. त्यात अपंगत्व हा शब्द नाही. नुसता आपत्ती कायद्याचा हवाला दिला तर बाजू लंगडी पडते, म्हणून अर्जात २०१६ च्या कायद्याचं कलम ८ लिहाच.

पात्रता: ४० टक्क्यांची अट इथे नाही

सगळ्यात जास्त अर्ज याच गैरसमजामुळे दारातूनच परत जातात. आरक्षण आणि अनेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, हे खरं. पण कलम ८ मध्ये 'दिव्यांग व्यक्ती' एवढाच शब्द आहे, टक्केवारी नाही. एका डोळ्याने अंधूक दिसणाऱ्या, ३० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेल्या माणसालाही पुरात वाट सापडत नाही. त्याची नोंद झालीच पाहिजे. कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकारचं अपंगत्व आहे. त्यात बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, सिकलसेल, पार्किन्सन हेही येतात. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून घरोघर फिरणाऱ्याच्या नजरेतून सुटतं.

कायद्याने दिव्यांग नसलेले पण पळता न येणारे लोकही गावात असतात: एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, दिवस भरत आलेल्या गरोदर बाया, ओल्या बाळंतिणी, डायलिसिसवर असलेले, घरी ऑक्सिजन लावलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले. यांच्यासाठी कलम ८ लागू होत नाही. पण गावाचा आराखडा गावासाठी असतो आणि ग्रामसभेच्या ठरावाने त्यांची यादी त्याला जोडता येते. गरोदर बायांची यादी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेसह आशाताईंकडे तयारच असते. ती नव्याने करत बसू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे खास लक्ष हवं. दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसं उन्हाळ्यात परततात. सर्वेक्षण जानेवारीत झालं तर घराला कुलूप दिसतं आणि नाव गळतं. पावसाळ्यात मात्र ते कुटुंब त्याच घरात असतं. उलट, हंगामात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांजवळ कोणीच नसतं. अशा घरांसाठी 'कोणत्या महिन्यांत घरी' हा रकाना हवाच.

कागदपत्रं

दिव्यांग व्यक्तीसाठी यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं देशपातळीवरचं ओळखपत्र) किंवा अपंगत्व प्रमाणपत्राची प्रत. कार्ड अजून हातात आलं नसेल तर अर्जाची पावती जोडा. दोन्ही नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि अर्जात लिहा की नोंदीसाठी प्रमाणपत्राची पूर्वअट कलम ८ मध्ये नाही. वृद्धांसाठी वयाचा कोणताही एक पुरावा. डायलिसिस किंवा ऑक्सिजनवर असलेल्यांसाठी अलीकडचं डिस्चार्ज कार्ड किंवा केसपेपर. आधारची प्रत मागितली तर पहिले आठ अंक झाकलेली द्या. व्यक्तीची, किंवा तिला शक्य नसेल तर पालकाची, सही असलेलं संमतीचं दोन ओळींचं पत्र जोडा: ही माहिती फक्त सुटका आणि मदतकार्यासाठी वापरावी, फलकावर लावू नये.

हे संमतीपत्र टाळू नका. आजाराचं नाव चावडीवर गेलं तर त्या घराला त्याची झळ वर्षानुवर्षं बसते. आराखड्याला निदान लागत नाही, गरज लागते. 'रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या, सात दिवसांचा साठा पिशवीत' एवढं पुरे. कशाच्या गोळ्या, ते लिहायचं नाही.

ओळीत काय असावं

खरी मेहनत इथे आहे. समजा ७४ वर्षांच्या एका बाईंना डाव्या अंगाचा पक्षाघात आहे. 'अर्धांगवायू, मदत हवी' अशी नोंद वाचून येणाऱ्याला काहीच कळत नाही. तीच नोंद अशी करा: 'ओढ्यापलीकडची वस्ती, घराला मागून वाट नाही. बसता येतं, उभं राहता येत नाही. उचलायला दोन माणसं, खुर्चीत बसवून न्यावं, डावा हात ओढू नये. बोलणं अस्पष्ट, पण सगळं समजतं. सोबत सून. रात्री कमोडची खुर्ची लागते.' हे वाचलं की पथकाला कळतं की दोन माणसं आणि एक खुर्ची न्यायची आहे, आणि निवारा केंद्रात कोपरा कुठला राखायचा.

बहिऱ्या व्यक्तीच्या ओळीत सूचना कशी पोचवायची ते लिहा: दार वाजवून उपयोग नाही, खिडकीतून बॅटरीचा झोत टाका किंवा शेजारच्या घरातून कोणीतरी आत जाऊन हात लावून उठवा. अंध व्यक्तीला ओढत न्यायचं नसतं. तिला आपला कोपर धरू द्यायचा. व्हीलचेअर घडीची आहे की बॅटरीची, ते नोंदवा, कारण बॅटरीची खुर्ची होडीत चढवणं अवघड असतं आणि ऐनवेळी ती मागे ठेवली की माणूस महिनाभर जागचा हलू शकत नाही. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं. म्हणून वीज गेल्यावर किती वेळ निभेल आणि सिलिंडर कुठून येईल, हे दोन्ही लिहा. डायलिसिसचे वार लिहा, म्हणजे रस्ता बंद होण्याआधी माणूस तालुक्याला हलवता येतो.

प्रत्येक ओळीसमोर दोन मदतनीस हवेत. एक हाकेच्या अंतरावरचा, दुसरा वेगळ्या घरातला. दोघंही एकाच कारखान्यात रात्रपाळीला जाणारे असतील तर ती नेमणूक कागदावरच राहते. फोन नंबरही दोन हवेत. लांब शहरात असलेल्या मुलाचा एकच नंबर दिला की पथक फोन करत बसतं आणि वेळ जातो.

अर्ज कधी, कुठे

मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा हा योग्य काळ. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, उद्देशून करा. प्रती तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या. चारही ठिकाणी स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी दिलेली माहिती अधिकारी बदलले की त्यांच्यासोबत जाते.

एकेकट्याने अर्ज देण्यापेक्षा वस्तीतल्या सगळ्यांचा एक एकत्रित अर्ज आणि त्याला जोडलेली यादी जास्त चालते. मग १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्या. पाऊस सुरू होण्याआधीची ती नेमकी सभा आहे. विषय अजेंड्यावर यावा म्हणून आधीच लेखी कळवा, नाहीतर 'ऐनवेळचे विषय' या सदरात तो वाहून जातो. महिला ग्रामसभेतही तो मांडा. घरातल्या रुग्णाला कोण उचलतं, याचं खरं उत्तर तिथे मिळतं. ठरावाचे शब्द मोघम नकोत. 'सोबतची यादी गाव आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचं परिशिष्ट म्हणून जोडावी, तहसीलदारांकडे पाठवावी आणि दरवर्षी एप्रिलमध्ये अद्ययावत करावी' इतकं स्पष्ट हवं.

त्याच ठरावात निवारा केंद्राची तपासणी मागा. बहुतेक ठिकाणी केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. व्हीलचेअर आत नेण्यासाठीचा उतार (रॅम्प) १ ला १२ असावा लागतो; म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीच्या ओट्यासाठी ३.६ मीटर लांबीचा. त्याहून आखूड बांधलेला उतार चढताना खुर्ची मागे कलंडते, ओल्या फरशीवर तर नक्कीच. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी. ही मापं शाळेच्या दर्शनी दाराला बरोबर येतात आणि स्वच्छतागृहाच्या दाराला कमी पडतात. टेप घेऊन आधी तिथेच मोजा. शौचालयाला जाता येणार नाही या भीतीने माणसं निवारा केंद्रात यायलाच नकार देतात, आणि मग तो नकार 'सहकार्य केलं नाही' असा नोंदवला जातो. दुरुस्तीला पैसे नाहीत असं सांगितलं गेलं, तर स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे, हे ठरावात नमूद करा.

तुमचं गाव धोकादायक गावांच्या यादीत नाही म्हणून हे काम पुढे ढकलू देऊ नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ती वाडीही दरडप्रवण यादीत नव्हती. आणि तिथे पोचायला पायवाटच होती. गाडी जात नसेल अशा वस्तीच्या प्रत्येक ओळीत 'डोली लागेल' ही नोंद आधीच असायला हवी.

शहरात

महापालिका क्षेत्रात अर्ज प्रभाग कार्यालयात आणि पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात द्या. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद आली असून पालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. तुमच्या शहरात ते स्थापन झालं असेल तर एक प्रत तिथेही द्या. सोसायटीत राहणाऱ्यांनी मजला आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे दोन तपशील सोडू नयेत.

नोंद झाली नाही तर

एक महिना थांबून माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. यादीतली नावं मागू नका; ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जातात. विचारा ते असं: कलम ८(३) खालची नोंद कोणत्या तारखेला अद्ययावत केली, आमच्या गावातल्या किती व्यक्ती तीत आहेत, धोक्याची सूचना त्यांना कशी दिली जाते. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. सोबत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाचा, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या ठरलेल्या दिवसाचा, मार्गही वापरता येतो.

त्यानंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त, पुणे. चारही पोचपावत्या, ठरावाची प्रत आणि माहिती अधिकारातलं उत्तर जोडून तक्रार करा. आयुक्तांनी शिफारस केली तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते, आणि शिफारस अमान्य असेल तर कारणं द्यावी लागतात.

नोंद झाली की मे महिन्याच्या शेवटी होणाऱ्या रंगीत तालमीत यादीतल्या निदान दोन घरांपर्यंत पथकाला जायला सांगा. सोयीसाठी गावातल्या धडधाकट पोरांना खुर्चीत बसवून तालीम उरकतात, ते होऊ देऊ नका. त्या दिवशी दिलेले सगळे फोन नंबर लावून पाहा आणि जे लागले नाहीत ते तिथल्या तिथे यादीत बदलून घ्या.