मोसमी पावसाचं 10 हजार वर्षांचं दप्तर

जूनचा पहिला आठवडा कोरडा गेला की मुंबईत तक्रार सुरू होते: पूर्वी पाऊस कसा 7 तारखेला हजर व्हायचा! हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, आणि तीही अनेक वर्षांची सरासरी. पण ‘पूर्वी’ म्हणजे किती पूर्वी? 10 हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस आजच्यापेक्षा बराच जोरदार होता. 20 हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, तो क्षीण होता. समुद्र सुमारे 120 मीटर खाली होता आणि आज समुद्रात असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या जागी जमीन होती.

हे कळतं गुहांमधून. मुंबईतली कान्हेरी यासाठी कामाची नाही, ती ज्वालामुखीच्या खडकात कोरलेली लेणी. चुनखडीच्या गुहा लागतात: मेघालयातली मावम्लुह, अरबी समुद्रापलीकडे ओमानमधली कुन्फ. मुरणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी विरघळवतं. गुहेत थेंब पडला की तो वायू निसटतो आणि कॅल्साइटचा पातळ थर मागे राहतो. थरावर थर चढून तयार झालेला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभा कापायचा, दाताच्या डॉक्टरांकडे असतं तसल्या बारीक ड्रिलने मधल्या रेषेवरून भुकटी काढत जायची आणि तिच्यात साध्या ऑक्सिजन-16 च्या तुलनेत त्याचाच जड प्रकार ऑक्सिजन-18 किती ते मोजायचं. ढगातून जड ऑक्सिजन-18 आधी गळतो. वाटेत जितका पाऊस पडून गेला, तितकी उरलेली वाफ हलकी. म्हणून ज्या थरात ऑक्सिजन-18 कमी, तो काळ चांगल्या पावसाचा.

थराचं वय युरेनियम सांगतं. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ नाहीच. त्यामुळे ताज्या थरात थोरियम-230 नसतं; पुढे सापडतं ते युरेनियमच्या क्षयातून साठलेलं. गडबड करतो गाळ. तो स्वतःचं थोरियम घेऊन येतो आणि थर आहे त्याहून जुना भासतो. गाळासोबत थोरियम-232 ही येतं, त्यावरून दुरुस्ती करता येते. ते फार असेल तर नमुना सोडून द्यावा. गुहेत वारा खेळत असेल तर बाष्पीभवनाने ऑक्सिजन-18 वाढतो आणि नसलेला दुष्काळ दिसू लागतो. म्हणून स्तंभ तोंडापासून दूरचा, दमट भागातला निवडतात.

कुन्फच्या स्तंभात गेल्या सुमारे 8 हजार वर्षांत पाऊस हळूहळू उतरत गेलेला दिसतो. कारण पृथ्वीच्या आसाचं परांचन, म्हणजे भोवऱ्यासारखं सावकाश डोलणं. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. सुमारे 11 हजार वर्षांपूर्वी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ असे. जमीन जास्त तापे आणि समुद्रावरून जास्त बाष्प ओढलं जाई. याच परांचनामुळे सूर्य मृग नक्षत्रात जायची तारीखही साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आणि नक्षत्राचं वाहन तर सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, 9 ने भागून उरलेल्या बाकीवरून ठरतं. त्या भागाकारात ना वारा आहे ना बाष्प. म्हैस आली म्हणून पाऊस पडत नाही.

पावसाचा हा उतार एकसारखा नव्हता. मावम्लुहच्या स्तंभात सुमारे 4,200 वर्षांपूर्वी पाऊस ढासळल्याची खूण आहे. तिच्यावरूनच 2018 मध्ये आजच्या भूवैज्ञानिक कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. हडप्पाची नगरं ओस पडू लागली तीही त्यानंतरच्या शतकांत. पण एका दुष्काळाने संस्कृती बुडाली, असं छापणं घाईचं आहे: ती नगरं एकदम नव्हे, काही शतकं रिकामी होत होती आणि लोक पूर्वेकडे, लहान वस्त्यांमध्ये पसरत होते.