वसंतातला वॉलआय : आधी तापमान, मग आमिष

तळ्यांवरचा बर्फ फुटला की अमेरिकेत मिनेसोटापासून ओहायोपर्यंत आणि पलीकडे कॅनडाच्या ऑन्टारिओत गळ टाकणाऱ्यांना वॉलआयचे वेध लागतात. सोनेरी-हिरवट अंगाचा, काचेसारख्या डोळ्यांचा हा शिकारी मासा १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे. दुकानात त्याच्यासाठी नाना रंगांची आमिषं टांगलेली असतात. माझ्या मते मात्र पहिली खरेदी तापमापकाची करावी.

माशाचं शरीर पाण्याइतकंच थंड असतं. पाणी ५-६ अंश सेल्सियसला असताना त्याचं पचन मंदावतं, हालचाल संथ होते आणि तो भक्ष्यामागे लांब धावत नाही. नेमक्या याच काळात, पाणी ५ ते १० अंशांच्या दरम्यान असताना, वॉलआय अंडी घालतो. पहिल्या पावसात आपल्याकडे चढणीचे मासे ओढ्यात शिरतात, तसे ईरी सरोवरातले वॉलआय मार्च-एप्रिलमध्ये मॉमी नदीत चढतात. नर आधी येतात आणि मागाहूनही रेंगाळतात. मादी रात्रीच्या अंधारात गोट्या-खडीच्या उथळ तळावर अंडी सोडून निघून जाते. घरटं नाही, राखण नाही.

म्हणून वसंतात जिग हेच खरं साधन. जिग म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ. त्याला एखादा जिवंत छोटा मासा टोचायचा. वजन २ ते ७ ग्रॅम पुरे. तळ जाणवेल इतपतच, कारण हलका जिग सावकाश खाली उतरतो. शिवाय वॉलआय तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, तेव्हा हलकं आमिष सहज आत जातं. थंड पाण्यात हिसका बसेलच असं नाही, कधी दोरी नुसती जड लागते. ते कळायला दोरी बारीक आणि काठीचं टोक संवेदनशील हवं. जिग तळाशी टेकवा, वीतभर उचला, थांबा. हे थांबणंच बहुतेकांना जमत नाही.

वॉलआयच्या डोळ्यामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. आत आलेला प्रकाश दृष्टिपटलावरून दुसऱ्यांदा जातो, त्यामुळे पिवळ्या पर्च या छोट्या माशाला धड दिसत नाही अशा संधिप्रकाशात वॉलआय त्याची शिकार करतो. सूर्यास्ताची वेळ चांगली, ती यासाठी. दुपारी जायचंच असेल तर वारा ज्या काठावर लाटा आपटतो तो काठ गाठा. लाटांनी उजेड विस्कटतो आणि गढूळलेल्या पाण्यात छोटे मासे चरायला येतात. वॉलआयच्या डोळ्यांना हिरवा आणि नारिंगी-लाल उजेड विशेष जाणवतो, म्हणून गढूळ पाण्यात पोपटी किंवा नारिंगी जिग घ्यावा.

जिग शक्यतो शिशाचा नको, टंगस्टनचा घ्यावा. तुटून पडलेलं शिसं गिळून तिथले लून हे पाणपक्षी विषबाधेने मरतात. मोठ्या माद्या तर परत सोडायलाच हव्यात, कारण अशी एक मादी काही लाख अंडी घालते. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर वॉलआयचा हंगाम मेच्या मध्यावर उघडतो, तोवर बहुतेकांची वीण उरकलेली असते.

पाणी १५ अंशांच्या पुढे गेलं की जिगचा संथपणा सोडायला हरकत नाही. मासा आता पाठलाग करतो. तेव्हा छोट्या माशाऐवजी जळू किंवा गांडूळ लावा, नाहीतर क्रँकबेट, म्हणजे पाण्यात थरथरत जाणारं माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष, जरा वेगाने ओढा.