भूआच्छादक वनस्पती, कोरड्या हवामानातील

जमिनीलगत सरपटत वाढून ती झाकणाऱ्या, थोड्या पाण्यावर वर्षभर हिरव्या राहणाऱ्या वनस्पती. हिरवळीच्या जागी, उतारावर किंवा पायवाटेच्या फरशांमध्ये त्या लावतात. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने 1981 मध्ये ‘झेरिस्केप’ ही कमी पाण्यावरची उद्यानपद्धती मांडल्यापासून त्यांची मागणी वाढली. उपयोग मात्र त्याहून जुना आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वर्गीकरणात वनस्पतीची पाण्याची गरज संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाच्या (प्रमाण मानलेल्या हिरवळीतून जमीन व पाने मिळून वाफेने उडणाऱ्या पाण्याच्या) टक्केवारीत देतात. 10 टक्क्यांहून कमी ती अत्यल्प, 10 ते 30 टक्के ती अल्प. शीत ऋतूतील गवताच्या हिरवळीला सुमारे 80 टक्के लागते. हे आकडे मुळे धरलेल्या झाडांचे आहेत. पहिल्या उन्हाळ्यात नव्या लागवडीला नियमित पाणी द्यावेच लागते. पाणी वाचवण्याच्या तऱ्हाही निरनिराळ्या : सेडममध्ये मांसल पाने असतात व अनेक जातींत पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडते, तर थाइम या सुगंधी वनस्पतीची पाने बारीक असतात.

या गटातील जलपिंपळीचे (फायला नोडिफ्लोरा, कुल व्हर्बेनेसी) वर्गीकरण बराच काळ गुंतागुंतीचे राहिले. वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी लिनीअस यांनी 1753 मध्ये ती व्हर्बेना प्रजातीत (अनेक जातींच्या गटात; जीनस) घातली, मिशो यांनी 1803 मध्ये लिपियात नेली आणि ग्रीन यांनी 1899 मध्ये फायलात. फायला ही प्रजाती लुरेरू यांनी 1790 मध्येच स्थापलेली होती. रोपवाटिकांत ‘लिपिया’ हेच नाव टिकले. त्याच नावाखाली दक्षिण अमेरिकेतील फायला कॅनेसेन्स ही निराळी जातीही विकली गेली. काही लेखक तिला नोडिफ्लोराचाच प्रकार मानत. अलीकडे स्वतंत्र जाती मानण्याकडे कल आहे व तोच अधिक ग्राह्य वाटतो. कॅनेसेन्सची पाने सहसा अरुंद व करडी असतात, पण केवळ पानांवरून ओळख पटवणे धोक्याचे. हा भेद माळ्यालाही महत्त्वाचा आहे, कारण ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्याच्या पूरमैदानांत उपद्रवी तण ठरलेली जाती कॅनेसेन्स होय. तेथे ती बहुधा शोभेची वनस्पती म्हणूनच शिरली असावी.

नोडिफ्लोराचे मूलस्थानही निश्चित सांगणे कठीण. उष्ण व उपोष्ण कटिबंधांत ती सर्वदूर आढळते आणि नैसर्गिक प्रसार कोठे संपतो व माणसाने केलेला कोठे सुरू होतो, यावर एकमत नाही. महाराष्ट्रात ती तळ्याकाठी, पाटाच्या कडेला, ओलसर जागी वाढते. तेव्हा तिला खरी मरुवनस्पती म्हणणे सैलपणाचे ठरेल. पेऱ्यापेऱ्यांवर मुळे फुटून ती पाण्याचा ताण सोसते, एवढेच. कडाक्याच्या थंडीत ती तपकिरी पडते. फुलांवर मधमाश्या गर्दी करतात, म्हणून अनवाणी चालण्याच्या जागी ती टाळतात. जपानमध्ये तिचा ‘कुरापिया’ हा बी न धरणारा वाण निवडण्यात आला आहे.

दक्षिण आफ्रिकेतील कार्पोब्रोटस एड्युलिस ही मांसल पानांची सरपटती वनस्पती कॅलिफोर्नियात उतार व रस्त्याच्या कडा धरून ठेवण्यासाठी लावली गेली; आता किनारी वाळूच्या टेकड्यांवरून ती उपटून काढावी लागते.

निवड करताना पाऊस किती यापेक्षा तो कधी पडतो हे पाहणे अधिक उपयोगी. भूमध्य सागरी प्रदेशांतील जाती हिवाळी पावसाच्या व कोरड्या उन्हाळ्याच्या. दख्खनच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात निचरा नसल्यास थाइम कुजतो. येथे लोळती घाणेरी (लँटाना मॉन्टेव्हिडेन्सिस) व अ‍ॅप्टेनिया ही मांसल पानांची वनस्पती लावतात. अ‍ॅप्टेनियालाही पाणी साचलेले चालत नाही. सर्रास लावली जाणारी वेडेलिया हिरवीगार दिसते, पण तिला पाणी अधिक लागते आणि ती बागेबाहेर पसरते.