स्तनाच्या कर्करोगानंतर आखडणारा खांदा आणि हाताची सूज

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईला सगळ्यांचा एकच सल्ला असतो: त्या बाजूचा हात हलवू नकोस. काळजीपोटी दिलेला हा सल्ला महिना-दोन महिने पाळला की अडचण रेडिएशनच्या टेबलावर उभी राहते. तिथे हात डोक्याच्या वर नेऊन रोज त्याच स्थितीत स्थिर ठेवावा लागतो, आणि आखडलेला खांदा तेवढा उघडत नाही. मग आधी खांदा मोकळा करायचा आणि तोवर रेडिएशन लांबवायचं, अशी वेळ येते.

ऑपरेशन छातीवर झालं, मग खांदा का आखडावा? छातीचा मोठा स्नायू थेट दंडाच्या हाडाला जोडलेला असतो. जखम भरून येताना त्यावरची त्वचा आणि ऊती आवळतात. त्यातच दुखऱ्या बाजूचा खांदा पुढे झुकवून बसायची सवय लागते आणि स्नायू आखूड होतो. रेडिएशनमुळे तिथल्या ऊती कडक होत जातात, आणि हे कडक होणं उपचार संपल्यावरही कित्येक महिने, कधी काही वर्षं चालू राहतं. म्हणून तीन महिन्यांत मोकळा झालेला खांदा वर्षभराने पुन्हा घट्ट होऊ शकतो. ताण देण्याचे व्यायाम रेडिएशन संपलं म्हणून बंद करू नयेत. पुढे निदान वर्षभर ते रोज चालू ठेवावेत.

काखेत काही मज्जातंतूही असतात. फऱ्याच्या हाडाला बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू दुखावला, तर भिंतीला दोन्ही तळवे टेकवून ढकलताना ते हाड पाठीतून बाहेर उचललेलं दिसतं. असं दिसलं तर नुसते भिंतीवर हात चढवण्याचे व्यायाम पुरत नाहीत, फिजिओथेरपिस्टकडून त्या स्नायूसाठी वेगळे व्यायाम घ्यावे लागतात. दंडाच्या आतल्या बाजूचा बधिरपणा त्याहून कितीतरी जास्त जणींना जाणवतो. काखेतले केस काढायला ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक ट्रिमर वापरायचा तो त्यासाठी, कारण बधिर त्वचेवर कापलेलं कळत नाही. काही जणींना ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत हात बाजूला उचलताना काखेतून कोपराकडे, कधी अंगठ्यापर्यंत, ताणलेल्या दोऱ्या जाणवतात. ही कॅन्सरची गाठ नव्हे. घाबरून हात दुमडून ठेवला तर खांदा आणखी आखडतो. सावकाश ताण देत राहिलं तर बहुतेकींच्या दोऱ्या काही महिन्यांत विरतात.

व्यायामाला सुरुवात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनच करायची: मूठ उघड-मीट, कोपर दुमडणं-सरळ करणं, खांदे गोल फिरवणं, खोल श्वास. मात्र जखमेतलं पाणी बाहेर काढायला काखेत ठेवलेली नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या उंचीच्या, म्हणजे ९० अंशांच्या वर नेऊ नये. पहिल्याच आठवड्यात जास्त ताणलं तर जखमेत पाणी साठण्याची शक्यता वाढते. नळी निघाली आणि सर्जनने होकार दिला की पुढची पायरी. पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताच्या आधाराने ती डोक्यामागे न्यायची. भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढत जायचं, रोज पोचलेल्या उंचीवर पेन्सिलची खूण करायची. दोन्ही हात मानेमागे गुंफून कोपरं बाहेर उघडायची. प्रत्येक प्रकार ५ ते १० वेळा, शेवटी ५ सेकंद थांबून, दिवसातून दोन-तीनदा. ओढ जाणवली पाहिजे, कळ येता कामा नये. स्तनाची पुनर्रचना झाली असेल तर हे वेळापत्रक बदलतं, ते सर्जनकडूनच घ्यावं.

हाताच्या सुजेची, म्हणजे लिंफेडिमाची गोष्ट काखेतच सुरू होते. ऊतींमधलं जादा पाणी आणि प्रथिनं लसिकावाहिन्या गोळा करतात आणि पुन्हा रक्तात सोडतात. हे गोळा केलेलं पाणी म्हणजे लसिका. स्तनाची आणि हाताची लसिका बहुतांश काखेतल्याच लसिकागाठींतून (लिंफ नोड्समधून) जाते. कॅन्सर पसरला आहे का हे पाहायला किंवा पसरलेला काढायला त्या गाठी काढल्या की हाताचा मार्गही अरुंद होतो. २०१३ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. काखेतल्या गाठी मोठ्या संख्येने काढलेल्यांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांना सूज आली होती. फक्त ‘सेंटिनल’ गाठी, म्हणजे स्तनाची लसिका सर्वांत आधी जिथे पोचते त्या पहिल्या एक-दोन गाठी, तपासलेल्यांमध्ये ते प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणून ऑपरेशनआधीच सर्जनला विचारावं: माझ्या बाबतीत सेंटिनल तपासणी पुरेल का? आपल्याकडे आजार उशिरा कळलेल्या अनेक जणींच्या गाठी आधीच वाढलेल्या असतात, तेव्हा त्या काढाव्याच लागतात. काखेचं रेडिएशन, जास्त वजन आणि हातातला जंतुसंसर्ग यांनी धोका आणखी वाढतो.

जड उचललं की सूज येते, ही भीती फार खोल रुजली आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या अभ्यासात सुजेचा धोका असलेल्या १५४ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे व्यायाम दिले. पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांत व्यायाम करणाऱ्या ७ टक्के जणींना सूज आली, न करणाऱ्या २२ टक्के जणींना. यातली मेख अशी की वजन अगदी हलक्यापासून, देखरेखीखाली आणि सावकाश वाढवलं होतं. सहा महिने हात गळ्यात बांधल्यासारखा ठेवून एक दिवस एकदम पाण्याचा हंडा उचलणं ही वेगळी गोष्ट आहे. जखम नीट भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, अर्ध्या किलोपासून सुरुवात करावी आणि हात जड वाटला नाही तरच पुढचं वजन घ्यावं.

सूज लवकर पकडायची तर मोजपट्टी हवी. शक्य असल्यास ऑपरेशनआधीच दोन्ही हात मोजून ठेवावेत: मनगटापासून वर दर ४ सेंटिमीटरवर, पट्टी न आवळता. पुढे पहिली दोन वर्षं महिन्यातून एकदा, त्याच वेळी. आधीच्या मापापेक्षा, दुसऱ्या हाताच्या तुलनेत, कुठेही २ सेंटिमीटर वाढ दिसली तर दाखवायला जावं. त्याच्याही आधी खुणा असतात: ब्लाउजची बाही एकाच बाजूला रुतते, बांगडी चढत नाही, हात जड वाटतो. सुरुवातीची सूज रात्री हात उशीवर ठेवला की सकाळी उतरते. पुढे ऊतींमध्ये चरबी आणि तंतू साठले की ती तशी उतरत नाही, म्हणूनच वाट पाहू नये. सूज अचानक, वेदनेसह आली तर रक्ताची गुठळी किंवा काखेत परतलेला आजार आधी तपासावा लागतो.

उपचारात प्रशिक्षित हातांनी केलेला अगदी हलका मसाज, कमी ताणाच्या पट्ट्यांचे थर, व्यायाम आणि त्वचेची निगा यांचा मेळ असतो. सूज उतरली की मापाची दाबबाही, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही, घालायची. ती मापानेच घ्यावी. मनगटाशी सैल आणि दंडाशी घट्ट बाही सूज तळहातात ढकलते. रोज वापरात तिची लवचीकता सुमारे सहा महिन्यांत संपते. तेल लावून जोरात रगडणं टाळावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही, कारण प्रथिनं तिथेच राहतात. हत्तीरोगाच्या गोळ्यांचाही इथे उपयोग नाही, कारण इथे कृमी नसतात.

चुलीपाशी, शेतात, कापूस वेचताना झालेल्या बारीक जखमांकडे दुर्लक्ष होतं आणि तेच महागात पडतं. जखम साबण-पाण्याने धुवावी, जंतुनाशक मलम लावावं, भांडी घासताना हातमोजे घालावेत. हात लाल, गरम झाला आणि थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन अँटिबायोटिक सुरू करावं. तो संसर्ग आटोक्यात येईपर्यंत पट्ट्या आणि मसाज थांबवायचा असतो, आणि तो उतरला की हात पुन्हा मोजायचा.