बत्तीसचं काडतूस मागताना एवढं बघाच

परवान्यावर घेतलेलं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल आहे ना, मग हा कागद कपाटात नीट ठेवा.

काउंटरवर येऊन बरेच जण म्हणतात "बत्तीसच्या गोळ्या द्या" आणि आम्ही लगेच विचारतो, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? काहींना वाटतं उगाच चौकशा चाललेत. पण बत्तीस हा नुसता आकडा आहे हो, काडतुसाचं पूर्ण नाव नाही. आपल्याकडे या आकड्याची दोन वेगळी काडतुसं चालतात. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरला लागतं ते .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, १८९६ पासूनचं. अशनीसारख्या पिस्तुलाला लागतं ते .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल), म्हणजेच ७.६५ ब्राउनिंग, १८९९ चं. गोळीची जाडी दोन्हीची जवळपास सारखीच, ७.९ मिलिमीटरच्या आसपास, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून बघा. लाँगचं पितळ, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, साधारण २३ मिमी उंच आणि बुडाची कड खिळ्याच्या डोक्यासारखी बाहेर आलेली. एसीपीचं पितळ १७ मिमीचं, कड जेमतेम बाहेर, तिच्या वर खाच कोरलेली. एकदा बघितलंत की परत चुकणार नाही.

मागे एक काका वडिलांच्या नावावरचं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या परवान्यावर चढवून आले, सोबत घरात सापडलेला जुना डबा, काडतुसं सिलिंडरमध्ये सरकतायत म्हणून निर्धास्त होते. बूड बघितलं तर एसीपी! पोटात गोळाच आला. सरकलं म्हणजे चालतं असं अजिबात नाही, लाँगसाठी दाबाची मर्यादा चौरस इंचाला १५,००० पौंड आणि एसीपीची २०,५००, जुन्या सिलिंडरने हा जादा दाब का सोसावा? उलट बाजूला लाँग पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये लांबीमुळे बसतच नाही, तिथे जबरदस्ती करू नका. .३२ एस अँड डब्ल्यू शॉर्ट मात्र लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं, ते त्याच घराण्यातलं.

बावीसवाल्यांनी पण ऐका, .२२ लाँग रायफलचं काडतूस .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, सैल बसतं आणि पितळ फाटतं. ९ एमएम तर विचारूच नका, ते प्रोहिबिटेड बोर, म्हणजे बंदी असलेल्या मापाचं, साध्या परवान्यावर मिळत नाही.

म्हणून नळीवर कोरलेलं आणि काडतुसाच्या बुडावरचं, दोन्ही अक्षर न् अक्षर जुळवा. बुडावर केएफ दिसलं तर ती खडकीच्या फॅक्टरीची खूण, बोर, म्हणजे काडतुसाचं माप, त्याच्या शेजारी असतो. आणि बार फुसका निघाला, आवाज दबका आला, तर पुढचा बार अजिबात काढू नका, गोळी नळीत अडकलेली असू शकते, तोंड सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, मग रिकामं करून दुकानात घेऊन या.

पुसट अक्षरं वाचता येत नसतील तर परवाना आणि रिकामं केलेलं हत्यार आणा, आम्ही कॅलिपर लावून तुमच्यासमोर मोजून देतो, त्याचे पैसे घेत नाही.